तांदळाची शेकपिशवी: शिवावी कशी, तापवावी किती

दुखऱ्या गुडघ्याला शेक कसा द्यावा, हे तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात कुणाला शिकवावं लागत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे परतीच्या पावसाचे दिवस. हवा ओलसर असते आणि आखडलेल्या मानेची, ठणकणाऱ्या कंबरेची तक्रार घरोघर ऐकू येते. मग कढईत वाळू नाहीतर जाडं मीठ भाजायचं, जुन्या सुती फडक्यात बांधायचं आणि दुखऱ्या जागी टेकवत राहायचं. तमिळ शेजारीण त्याला ओत्तडम म्हणते, मराठी घरात त्याला शेकच म्हणतात. सतराव्या शतकाच्या सत्तरीत इथल्या मराठा राज्याचे संस्थापक व्यंकोजीराजे आले, तेव्हापासून ही दोन्ही घरं एकमेकांच्या चुली पाहत आली आहेत.

आता या कढईच्या जागी मायक्रोवेव्ह आला आहे. कापडी पिशवीत तांदूळ भरायचे, ती ओव्हनमध्ये ठेवायची, बटण दाबायचं की दीड मिनिटात शेक तयार. सोय मोठी आहे आणि खर्च नगण्य. पण कढईच्या शेकात एक गोष्ट आपोआप घडत होती. पुरचुंडी बांधणाऱ्याचा हात आधी पोळायचा, मग तो ती स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा आणि त्यानंतरच ती दुसऱ्याच्या अंगाला टेकवायचा. शेक देणारा आणि घेणारा अशी दोन माणसं होती. ओव्हनच्या पिशवीच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच माणूस असतं, तेही थकलेलं आणि अर्धवट झोपेत. शिवाय उष्णता बाहेरून आत जात नाही, दाण्यांच्या पोटातच तयार होते, त्यामुळे वरून कोमट लागणारी पिशवी आत बरीच तापलेली असू शकते. या पिशवीबद्दलचे जवळजवळ सगळे नियम या दोन फरकांमधून येतात.

पिशवी शिवायच्या आधी आपल्याच परंपरेकडे थोडं बघायला हवं, कारण तिथे शेकाइतकीच शेकाच्या मर्यादांचीही चर्चा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय पूर्णपणे स्वेदनावर, म्हणजे घाम आणणाऱ्या उपचारांवर आहे. अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदाचे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यातला पहिला संकरस्वेद म्हणजे आपली पुरचुंडीच. तीळ, उडीद, कुळीथ, शिजलेला भात किंवा वाळू, दगड अशा कोरड्या वस्तू तापवून, कापडात गुंडाळून किंवा नुसत्याच अंगाला लावायच्या. त्याच अध्यायात स्वेदन कुणाला देऊ नये याची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात गर्भवती, मद्याच्या आहारी गेलेला माणूस आणि मधुमेही ही तिन्ही नावं आहेत. डोळे, हृदय आणि वृषण यांना स्वेदन द्यायचंच झालं तर सौम्य द्यावं, नाहीतर देऊच नये, असंही तिथे बजावलं आहे. आजचा डॉक्टर जी पथ्यं सांगेल, त्यांतली बरीच तिथे आधीच आहेत. ‘आजीच्या बटव्यातला उपाय, त्यानं काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा बटवा एकदा नीट उघडून पाहावा.

तंजावूरला या विषयात आणखी एक मान आहे. 1798 ते 1832 या काळात इथे गादीवर असलेले सरफोजीराजे दुसरे. 1799 च्या करारानं राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती उरला तो मुख्यतः राजवाडा, ग्रंथ आणि विद्या. त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचे जाणकार एकत्र काम करीत. गुणकारी ठरलेले उपाय तमिळ पद्यात उतरवून घेतले गेले, ते ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं ओळखले जातात. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणंही राखली गेली: तक्रार काय होती, काय उपचार केला, पुढे काय झालं. आज राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांचा जो खजिना आहे, तो 1918 पासून सर्वांसाठी खुला आहे. मला त्या वैद्यकातल्या औषधांपेक्षा टिपण ठेवण्याची सवय जास्त मोलाची वाटते. तांदळाच्या पिशवीसारख्या किरकोळ गोष्टीतही ती कशी उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

आत काय भरावं

तंजावूरसारख्या भाताच्या कोठारात तांदळाशिवाय दुसरं काही शोधायची गरज नाही. इथून जवळच्या अडुतुरैला भाताचं संशोधन केंद्र 1922 पासून आहे आणि तिथे निघालेली वाणं दुकानांत ‘एडीटी’ या अक्षरांनी ओळखली जातात. पिशवीसाठी कोणतंही वाण चालतं. उकडा तांदूळ, म्हणजे इथला पुळुंगल अरिसी, चालतो आणि कच्चा पच्चरिसीही चालतो. स्वस्तातला स्वस्त घ्या, रेशनचा असला तरी हरकत नाही. दाणा मात्र अख्खा हवा. कणी घेतली तर तिची भुकटी कापडातून गळत राहते. तांदूळ धुऊ नका. धुतलेला तांदूळ पूर्ण वाळला असं वाटतं, पण पिशवीत बंद झाल्यावर आंबूस वास येतो. आधी नुसता चाळून, निवडून घ्या आणि हवाबंद डब्यात तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातले टोके आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, नाहीतर दाण्यावर दव धरतं.

गहूही चालतो, परदेशात तर गव्हाच्याच पिशव्या जास्त. कुळीथ चालतो, दाणा मोठा असल्यानं तो अंगाला जरा टोचतो एवढंच. जवस मऊ बसतं आणि ऊब चांगली धरतं, पण त्यात तेलाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. काही महिन्यांत ते खवट होतं आणि तेलकट दाणा जास्त तापला तर त्याचा धोकाही जास्त. मी जवस सुचवणार नाही. मका, ज्वारी आणि राजगिरा तर नकोच, त्यांच्या लाह्या होतात. नाचणीचा दाणा इतका बारीक की शिवणीतून निसटतो.

मीठ आणि वाळू या कढईतल्या जुन्या वस्तू ओव्हनमध्ये नेऊ नयेत. मायक्रोवेव्ह मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवून तापवतो. सुकं मीठ आणि सुकी वाळू यांच्यात पाणी जवळजवळ नसतंच. मग थोडा वेळ काहीच होत नाही, म्हणून माणूस वेळ वाढवतो, आणि कुठेतरी ओलसर राहिलेला एखादा भाग एकदम कढत होतो. नदीच्या वाळूत लोहाचे कण असतात, ते ठिणगी पाडू शकतात. ही दोन्ही कढईतच भाजावीत. पुरचुंडी त्यांची खुशाल बांधा, पण तापवून झाल्यावर.

सुगंधासाठी पिशवीत ओवा, सुंठ, लवंग, वाळा घालावासा वाटतो. चिमूटभर सुकी वस्तू घातल्यानं फारसं बिघडत नाही, पण निलगिरीचं किंवा दुसरं कुठलंही तेल दाण्यांवर टाकू नका. ही तेलं ज्वालाग्राही असतात आणि ओव्हनच्या बंद जागेत त्यांची वाफ साठते. सुगंध हवाच असेल तर उदबत्ती लावा.

कापड, दोरा आणि जर

कापड शंभर टक्के सुती हवं. बाजारातलं कोरं मांजरपाट उत्तम. को-ऑप्टेक्सच्या दुकानातलं साधं हातमागाचं कापडही चांगलं. ते आधी गरम पाण्यात धुऊन, आटवून, कडक उन्हात वाळवून मगच कापा.

घरातलं जुनं कापड वापरायची आपली सवय चांगलीच आहे, पण तंजावूरच्या घरात तिच्यात एक मोठा धोका लपलेला असतो. इथली वेष्टी असो की जुनं नऊवारी लुगडं, काठाला जर असतेच. जर म्हणजे धातू. खरी असो वा नकली, मायक्रोवेव्हमध्ये धातूच्या बारीक तारेतून ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्यांच्या शेजारी सुकं सुती कापड असतं. काठ नुसता दुमडून आत घेऊ नका, पूर्ण कापून टाका आणि त्यापुढचं दोन बोटं कापडही सोडा, कारण जरीचे सुटे धागे तिथपर्यंत गेलेले असतात. हाच नियम टिकल्या, धातूची बटणं, हुक, चेन आणि चमचमत्या छपाईला. चिकटपट्टी सिंथेटिक असते, तीही नको.

दुसरा प्रश्न भेसळीचा. स्वस्त वेष्टीत हल्ली सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं आणि ते हाताला कळत नाही. कापडाचा एक धागा उसवून चिमट्यात धरा आणि काडीनं पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा काळा कडक मणी बनतो. मणी दिसला की ते कापड दुसऱ्या कामाला लावा. दोऱ्याची परीक्षाही अशीच करा, कारण शिंप्याकडचा रोजचा दोरा आता बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. दुकानात सुती दोरा म्हणून मागून घ्यावा लागतो.

मापं घेताना अंगाचं माप नंतर घ्या, ओव्हनची थाळी आधी मोजा. वीस लिटरच्या साध्या ओव्हनमध्ये काचेची थाळी साधारण 24-25 सेंटिमीटर व्यासाची असते, मोठ्या ओव्हनमध्ये 31 सेंटिमीटरच्या पुढे. पिशवी थाळीबाहेर आली की ती ओव्हनच्या भिंतीला अडते, थाळी फिरायची थांबते आणि लहरींचा मारा एकाच ठिकाणी होत राहतो. दाणे करपण्याचं हे नेहमीचं कारण. लहान ओव्हनसाठी 15 बाय 20 सेंटिमीटरची चौकोनी पिशवी करा, तिला साधारण 400 ग्रॅम तांदूळ लागतो. मोठा ओव्हन असेल तर मानेसाठी 12 बाय 40 सेंटिमीटरची लांब पिशवी करता येते. ती थाळीवर नालाच्या आकारात वळवून ठेवायची, घडीवर घडी घालायची नाही. तिला सुमारे 600 ग्रॅम पुरतो.

दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा, तीन बाजूंनी दुहेरी टीप घाला, चौथ्या बाजूला दोन-तीन बोटं तोंड ठेवून पिशवी उलटा. लांब पिशवीला आडव्या टिपा घालून तीन-चार कप्पे करा आणि एक कप्पा भरला की पुढची टीप मारा, म्हणजे उभं राहिल्यावर सगळा तांदूळ एका टोकाला जमा होणार नाही. भरण्यासाठी कागदाचं नरसाळं पुरे. प्रत्येक कप्पा दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली पिशवी अंगावर बसत नाही आणि दाणे हलायला जागा नसल्यानं उष्णताही सारखी पसरत नाही. शेवटी तोंड शिवून टाका. वर उशीच्या अभ्र्यासारखी उलटी झाप असलेली सुती खोळ करा. धुवायची ती खोळ, आतली पिशवी कधीही नाही.

तापवणं

इथे सावकाशीनं वाचा. ओव्हन कन्व्हेक्शनचा असेल तर तो फक्त मायक्रोवेव्ह मोडवर आहे याची खात्री करा. ग्रिल आणि कन्व्हेक्शन या मोडवर कापडाची पिशवी कधीच ठेवायची नाही. त्यात तापलेल्या धातूची कॉइल असते. नुकतंच काही भाजून काढलं असेल तर ओव्हन पूर्ण निवेपर्यंत थांबा. थाळी पुसून घ्या, चिकटलेल्या तेलाचा डाग आधी तापतो आणि कापडाला लागतो.

पिशवी खोळीतून काढून थाळीच्या मधोमध पसरून ठेवा. शेजारी अर्धा कप पाणी ठेवा, पाणी एकदम उसळू नये म्हणून त्यात लाकडी चमचा घाला. पाण्यामुळे ओव्हनमधला काही मारा तिकडे जातो आणि दाणे लवकर कोरडे पडत नाहीत. 800 वॅटच्या ओव्हनमध्ये 400 ग्रॅमच्या पिशवीला पहिल्यांदा 40 सेकंद द्या. बाहेर काढा, चोळून दाणे खालीवर करा, मध्यभागी हात दाबून बघा. कमी वाटलं तर 20 सेकंद आणखी. 600 ग्रॅमच्या पिशवीला एक मिनिटापासून सुरुवात करा आणि पुढे 20 सेकंदांच्या टप्प्यांनीच जा. एकूण दोन मिनिटांच्या पुढे जायचं कारण पडत नाही. ओव्हन 900 किंवा 1000 वॅटचा असेल तर वेळ आणखी कमी. वॅट किती आहेत ते ओव्हनच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, तिथे ‘आउटपुट’ म्हणून जो आकडा असेल तो धरा. वेळ लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. दूध उतू जाताना जशी नजर ठेवावी लागते, तशीच इथे नजर हवी.

दाणा का करपतो, ते समजून घेतलं तर हे नियम पाठ करावे लागत नाहीत. साठवणीच्या तांदळात साधारण बारा ते चौदा टक्के पाणी असतं. ते आहे तोवर जास्तीची उष्णता वाफेच्या रूपानं बाहेर पडते आणि तापमान एका मर्यादेत राहतं. दर वेळी तापवताना थोडं पाणी उडतं. पिशवी मोकळी ठेवली तर हवेतून ते परत शोषलं जातं, पण लागोपाठ तापवत राहिलात तर दाणा सुकत जातो आणि मग तापमानाला लगाम राहत नाही. आतला गाभा धुमसू लागतो. दाणे उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे वरून काही कळत नाही आणि पिशवी अंथरुणात गेल्यावर ती पेट घेते. ब्रिटनमध्ये अशा गव्हाच्या पिशव्यांमुळे घरांना आगी लागल्या आहेत, तिथली अग्निशमन दलं दर हिवाळ्यात याबद्दल बजावतात आणि अशा पिशव्यांसाठी बीएस 8433 हे वेगळं मानकही केलेलं आहे. आपल्याकडच्या घरगुती पिशवीला कुठलंच मानक नाही, तेव्हा मानक आपणच ठेवायचं.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. नवी पिशवी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, थंड असताना, पुन्हा तोला. 400 ग्रॅमच्या पिशवीचं वजन वीसएक ग्रॅमनं घटलं असेल तर दाणा बराच सुकला आहे. तिला तीन-चार दिवस मोकळ्या हवेत पसरून विश्रांती द्या. वजन परत आलं नाही तर तांदूळ बदला. पाणी शिंपडून वजन भरून काढू नका, त्यातून अंग भाजेल अशी वाफ निघते. इथल्या पावसाळी हवेत मात्र उलटंच होतं. दाणा ओल धरतो, वजन वाढतं, तेवढ्याच सेकंदांत पिशवी जास्त वाफाळते आणि न वापरता पडून राहिली तर बुरशी येते. म्हणून त्या दिवसांत वापरानंतर पिशवी पूर्ण निवू द्यावी आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दोनदा तापवण्यामध्ये किमान दोन तास जाऊ द्या. कोमट झाली म्हणून लगेच पुन्हा ओव्हनमध्ये टाकणं, हीच बहुतेक अपघातांची सुरुवात असते. लागोपाठ शेक हवा असेल तर दोन पिशव्या शिवा.

भाजल्याचा वास आला, कापडावर तपकिरी डाग पडला, दाणे पिवळट झाले, तर पिशवी गेली असं समजा. जिवावर आलं तरी ती टाका. तो तांदूळ शिजवूही नका. वर्षातून एकदा तरी तांदूळ बदलावाच.

ओव्हनमध्ये धूर दिसला तर दार उघडू नका. आत हवा गेली की आग भडकते. भिंतीवरचं बटण बंद करा आणि दार बंदच ठेवून आग आपोआप विझू द्या.

अंगाला लावताना

पिशवी खोळीत घाला, मग मनगटाच्या आतल्या बाजूला काही क्षण धरा. इथे शेक देणाऱ्याचा तो जुना हात आपण परत आणतो आहोत. ‘सोसवतंय’ असं वाटलं तर ती जास्त तापलेली आहे, ‘बरं वाटतंय’ असं वाटायला हवं. तापमान मोजायचंच असेल तर स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर पिशवीच्या घडीत धरा. तापाचा कपाळावरचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, त्याची मापनाची कक्षाच छोटी असते.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 मध्ये केलेलं काम आजही पायाभूत मानतात. 60 अंश सेल्सियसला कातडी काही सेकंदांत भाजते, हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. पण 44 अंशांवरही, म्हणजे जे तापमान नुसतं उबदार वाटतं त्यावरही, सुमारे सहा तास संपर्क राहिला तर इजा होते, हे त्यांनी दाखवलं. आणि 44 च्या पुढे दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. म्हणून पिशवी पंधरा ते वीस मिनिटं ठेवायची आणि काढायची. तिच्यावर झोपायचं नाही, तिच्यावर पडून वजन टाकायचं नाही आणि वरून गोधडी ओढायची नाही. अंथरूण उबवायला ती पांघरुणाखाली ठेवून देणं तर अजिबात नको. निवायला ठेवायची ती ओट्याच्या दगडावर किंवा फरशीवर, उघडी. सोफा आणि गादी ही तिची जागा नव्हे. रोज रोज त्याच जागी शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी वळ उमटतात. ते दिसले की शेक थांबवून डॉक्टरांना दाखवा.

कुणासाठी नाही, तेही स्पष्ट सांगतो. देशात मधुमेही माणसांची संख्या आता दहा कोटींच्या पुढे आहे, तेव्हा आपल्या घरातही एखादं असू शकतं. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना हळूहळू जाते आणि ती गेलेली आहे हेच माणसाला कळत नाही. थंड पडलेल्या पायाला पिशवी बांधून ठेवली, सकाळी फोड दिसला, आणि ती जखम महिनोन् महिने भरेना, अशा गोष्टी डॉक्टरांना नव्या नाहीत. मधुमेही माणसाच्या पावलांना ही पिशवी लावूच नये, मोजे घालावेत. पक्षाघात झालेली बाजू, झोपेच्या गोळ्या घेणारं किंवा दारू प्यायलेलं माणूस, आणि स्वतःहून पिशवी बाजूला करता येत नाही अशी कुणीही व्यक्ती, या सगळ्यांना हाच नियम.

तान्ह्या बाळाला ओव्हनची पिशवी नको, पाळण्यात तर नकोच. बाळाचं पोट दुखतंय असं वाटलं तर आपला तळहात चोळून कोमट करून ठेवला तरी पुरे. गर्भवतीनं पोटावर शेक घेऊ नये, कंबरेला हवा असेल तर डॉक्टरांना विचारून. पाळी दुखते तेव्हा मात्र ओटीपोटावरचा माफक शेक खरोखर आराम देतो, तिथे संकोच करायचं काही कारण नाही. आखडलेली मान, बसून ताठलेली कंबर, जुनी सांधेदुखी, सकाळी वळत नसलेली बोटं, हे या पिशवीचं हक्काचं काम.

मुरगळलेला घोटा पहिले दोन दिवस शेकू नका, सूज वाढते. त्या दिवसांत हीच पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावी आणि थंड लावावी. लाल, गरम झालेला सांधा, उघडी जखम, शिरेत गुठळी असल्याची शंका, यांवर शेक नाही. पोटात अचानक, एका बाजूला, ताप किंवा उलटीसह दुखत असेल तर शेकत बसू नका, ते अपेंडिक्स असू शकतं. बाम चोळून त्यावर पिशवी ठेवायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. बाममुळे कातडीला आधीच ऊब भासते, खरी उष्णता किती आहे ते कळेनासं होतं आणि भाजतं. वेदनाशामक औषधाची चिकटपट्टी लावलेल्या जागीही शेक नको, उष्णतेनं ते औषध अंगात जास्त वेगानं जातं.

तरीही भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही नाही. फोड आला तर तो फोडायचा नाही, स्वच्छ कापडानं सैल झाकायचं आणि दवाखाना गाठायचा.

ओव्हन नसलेल्या घरानं वाईट वाटून घेऊ नये. कढईत मंद आचेवर तांदूळ किंवा मीठ भाजून सुती फडक्यात बांधलेली पुरचुंडी काही कमी नाही, आणि ती बांधताना हात आपोआप सावध राहतो. शिवलेली पिशवी मात्र तव्यावर ठेवू नका.

शेवटचं काम सुई-दोऱ्याचं. खोळीवर एक सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं चार गोष्टी लिहा: नव्या पिशवीचं वजन, तुमच्या ओव्हनचे वॅट, किती सेकंद, आणि तांदूळ कधी भरला ती तारीख. तंजावूरच्या अनेक मराठी घरांत मराठी बोलली जाते, पण वाचायची लिपी आता तमिळ आहे. म्हणून ही पट्टी घरात पिशवी तापवणारं माणूस जी लिपी वाचतं, त्याच लिपीत लिहा.